बाईसाहेबांना दाखवलेलं इंदूर

मध्यभारत नावाचं एक राज्य होतं आणि त्याला दोन राजधान्या होत्या. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दोन्ही जुनी संस्थानं, दोन्हींचा मान मोठा, एकीला राजधानी केलं तर दुसरी रुसणार. म्हणून सरकारने दोघींना वर्ष वाटून दिलं. कागदावर तोडगा नामी होता. आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की दिवाळीच्या आगेमागे फायलींच्या पेट्या आगगाडीत चढायच्या, त्यांच्यामागून बाबा चढायचे, आणि उन्हाळा लागेपर्यंत घरात पुरुषमाणूस म्हणून माझा तीन वर्षांचा भाऊ तेवढा उरायचा.

बाबा सचिवालयात कारकून होते. आमचे आजोबा-पणजोबा दरबारच्या चाकरीत, त्यामुळे दरबार गेला तरी चाकरी सुटली नव्हती. बाबा ग्वाल्हेरहून परतले की धाकटा त्यांना चक्क 'काका' म्हणायचा आणि आईच्या पदराआड लपायचा. सगळे हसायचे. आईही हसायची आणि मग काहीतरी निमित्त काढून आत जायची. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि माझा ग्वाल्हेरवर भयंकर राग होता. शाळेच्या नकाशात ग्वाल्हेर होतं तिथे मी शाई सांडली होती. मास्तरांना सांगितलं, दौत कलंडली.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बाबा एक बातमी घेऊन आले. यापुढे काही दप्तर बारा महिने इंदुरातच राहणार होतं आणि ते सांभाळायला एक जबाबदार माणूसही. कोण, ते बाबांच्या साहेबांनी सुचवायचं होतं.

"मग तुम्ही सांगितलंत ना त्यांना?" आईने विचारलं.

"सांगायची गोष्ट आहे का ती? साहेबांना सगळं समजतं. मागून घेण्यात काय मजा?"

आमच्या घराण्यात हा एक रोगच होता. हवं ते मागायचं नाही, समोरच्याला ओळखू द्यायचं, आणि त्याने ओळखलं नाही की मनातल्या मनात झुरायचं.

पण नशिबाने एक संधी चालून आली. रविवारला जोडून सोमवारची सुट्टी होती आणि साहेबांची बायको ग्वाल्हेरहून पहिल्यांदाच इंदूर पाहायला येणार होती. साहेब इथे तुकोगंजात एका बंगल्यात आणखी तीन अधिकाऱ्यांबरोबर राहत. तिथे बाईमाणसाची सोय कशी व्हायची? बाबांनी त्या दोघांना आमच्याकडेच उतरायचा आग्रह केला. ग्वाल्हेरात बाबांनी बाईसाहेबांच्या हातच्या पुरणपोळ्या दर होळीला खाल्ल्या होत्या, त्यामुळे हे रीतीलाही धरून होतं. साहेबांनी स्वतःची आणि बाबांची शनिवारची रजा टाकली. गंमत म्हणजे साहेब दरवर्षी पाच-सहा महिने इंदुरात काढत, पण बंगला ते कचेरी आणि कचेरी ते बंगला यापलीकडे त्यांनीही इंदूर पाहिलं नव्हतं.

आईने बाबांना बजावलं, "अहो, एक ध्यानात ठेवा. ग्वाल्हेरला बिलकुल नाव ठेवायचं नाही. त्या काहीही म्हणोत."

"चिंताच नको," बाबा म्हणाले. "इंदूरचं कौतुक तर करू शकतो ना?"

शनिवारी सकाळी टांग्यातून बाईसाहेब उतरल्या. ठेंगण्या, गोल, चालणं तुरुतुरु आणि बोलणं त्याहून वेगात. आईने समोर पोहे ठेवले, वर शेव, आणि शेजारी गरम जिलबी.

"अगंबाई, तिखट आणि गोड एकाच बशीत? सकाळी सकाळी?" बाईसाहेब म्हणाल्या. "आमच्या लष्करात नाही हो असं."

लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आपल्या लोकांचा भाग. त्या तीन दिवसांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की अजूनही कुणी सैन्याबद्दल बोलू लागलं तर मला जिलबी आठवते. बाईसाहेबांनी मात्र दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले.

मग आम्ही इंदूर पाहायला निघालो. आम्ही म्हणतेय, कारण आम्हीही पहिल्यांदाच पाहत होतो. राजवाड्यावरून आई रोज भाजीला जायची, पण मान वर करून तिने त्याचे सात मजले कधी मोजले नव्हते. बाबा पुढे उभे राहून हातवारे करत सांगू लागले. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. हा दरवाजा असा, ती कमान तशी. बाईसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आमचा किल्ला पाहिलाय ना? त्याच्यापुढे हे जरा..."

 आईने बाबांकडे पाहिलं. "किल्ला तो किल्लाच," बाबा म्हणाले.

दुपारी नदीकाठच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्या, झाल्या. तिथे बाबांना फारसं काही ठाऊक नव्हतं, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एका छत्रीकडे बोट दाखवून ही अमक्या महाराजांची, असं त्यांनी ठासून सांगितलं. मी दगडावरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "बाबा, इथे तर दुसरंच नाव आहे." साहेबांनी चष्मा चढवून वाचलं. ते उंच, सावकाश बोलणारे, फार भला माणूस. म्हणाले, "दगड चुकला असेल." त्या क्षणापासून मला साहेब आवडायला लागले, आणि ग्वाल्हेरच्या माणसाला आवडून घ्यायचं नाही असं मी ठरवलेलं असल्याने माझी पंचाईत झाली.

रविवारी लालबागेला गेलो. विलायतेतल्या राजवाड्याचं आहे तसंच हुबेहूब फाटक, असं बाबा टांग्यात सारखे सांगत होते. फाटक पाहून झालं. बाईसाहेबांनी विचारलं, "आणि आत?"

"आत जाता येत नाही."

"म्हणजे आम्ही फाटक पाहायला आलो?"

टांगेवाला मागे वळून म्हणाला, "बाईजी, फाटक ही तो देखने की चीज है. अंदर तो घर जैसा घर है." यावर बाईसाहेब इतक्या हसल्या, की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून लष्कराचं नाव निघालं नाही.

आणि मग काहीतरी फिरलं. काचमंदिरात भिंतीला, छताला, खांबाला, जिथे पाहावं तिथे काचा. त्यात शेकडो बाईसाहेब दिसू लागल्या, तेव्हा त्या आईचा हात धरून उभ्याच राहिल्या. संध्याकाळी सराफ्यात गेलो. सोनारांच्या दुकानांच्या फळ्या लागत होत्या आणि त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याच्या कढया मांडल्या जात होत्या. दिवसा जिथे पाटल्या-बांगड्या विकायच्या, तिथे आता भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस. बाईसाहेबांनी एक द्रोण खाल्ला आणि कढईवाल्याला तो कसा करायचा ते विचारलं. "दूध में पकाओ, और धीरज रखो," तो म्हणाला. त्यांनी आणखी एक द्रोण घेतला. बाबा आता थांबायचं नाव घेईनात. ही रबडी, ती मावाबाटी, हे चाखा, ते चाखा. आमच्या गावाला पाहुण्याने 'वा' म्हणेपर्यंत धीर निघत नाही, आणि 'वा' म्हटल्यावर तर मुळीच निघत नाही.

घरी परतताना गार वारा सुटला होता. बाईसाहेब म्हणाल्या, "आमच्याकडे अजून अंगाची काहिली होते हो. काल रात्री मी चक्क पांघरूण घेतलं." आईने टांग्यात माझा हात दाबला. गाव आपलं काम चोख करत होतं.

सोमवारी पिपल्यापाल्याच्या तलावावर सहल. तलाव काठोकाठ भरलेला, झाडं धुतलेली. साहेब आणि बाबा गोवऱ्यांचा विस्तव करून बाफले भाजत होते. कणकेचे हे गोळे आधी उकडायचे, मग विस्तवात भाजायचे, मग तुपात बुडवायचे, असं बाबा साहेबांना शिकवत होते, आणि साहेब जन्मात पहिल्यांदाच काही भाजत असल्याने अगदी फायलीवर शेरा लिहावा तसे एकेक गोळा उलटत होते. मी धाकट्याला सांभाळत आई आणि बाईसाहेबांजवळ बसले होते.

बाईसाहेब चटणी वाटता वाटता एकाएकी सावकाश बोलू लागल्या. "हे इकडे आले ना, की मी तिथे एकटी. मुलीचं लग्न झालं. घर मोठं. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो. कधी कधी नुसता चिवडा खाऊन निजते. कुणाला सांगायचं?"

आईचा मळता हात थांबला. मला वाटलं, आता ती सांगेल. मलाही हिवाळ्यात असंच होतं, म्हणेल. यांना इथेच ठेवा, म्हणेल. याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण पाहुण्याचा निरोप जवळ आला की सगळी मराठी घरं जे म्हणतात, तेच आई म्हणाली.

"मग आता राहाच इथे. बारा महिने. आम्ही आहोत ना."

हे कुणी मनावर घ्यायचं नसतं. 'छे हो, आता निघायला हवं' असं उत्तर द्यायचं असतं. बाईसाहेबांनी वाटण थांबवलं. त्यांनी आईकडे बराच वेळ पाहिलं.

दाल-बाफले खाल्ल्यावर माणूस निजतो. त्याला इलाज नाही. झाडाखाली सगळे आडवे झाले. फक्त साहेब आणि बाईसाहेब तलावाच्या काठाने फिरायला गेले आणि फार वेळाने परतले.

संध्याकाळी आमच्या घरी चहा घेताना साहेबांनी घसा खाकरला. बाबांनी पेला खाली ठेवला. "तुमच्यापासून काय लपवायचं," साहेब म्हणाले. "इंदूरच्या दप्तरासाठी मी माझंच नाव कळवणार आहे. हुद्दा लहान आहे, पण आता काय करायचाय हुद्दा? ही इकडे यायला तयार झाली, ते तुमच्यामुळे."

बाईसाहेबांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही म्हणालात म्हणून हो. नाहीतर माझी हिंमत नव्हती."

आई म्हणाली, "फार चांगलं झालं." आणि हसली. बाबाही हसले. दोघं इतकी चांगली हसली, की ती जागा आम्हाला हवी होती हे त्या दोघांना कधीच कळलं नाही, पुढेही नाही.

बाईसाहेबांना स्टेशनावर पोचवायला साहेब आणि बाबा गेले आणि मी आईवर तुटून पडले. तीन दिवस टांगे, जिलब्या, बाफले, आणि शेवटी आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा. "तू कशाला राहा म्हणालीस त्यांना?"

"म्हणतात तसं."

"पण त्या खरंच राहतायत."

आई पाहुण्यांच्या बशा विसळत होती. "ती एकटी चिवडा खाऊन निजते गं," ती म्हणाली. "मी निदान तुम्हाला घेऊन निजते. तिने मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?" मला रडू आलं. रागाने आलं की कशाने, ते तेव्हा ठरवता आलं नाही. पण बाबा पुन्हा जाणार, एवढं ठरलं होतं आणि मला ते सहन होत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं, आमच्या घराण्यात बहुधा पहिल्यांदाच. मला बाबा इथे हवेत. रोज हवेत.

आईने बशी पुसून ठेवली. बाबा स्टेशनावरून परत आले. ते चप्पल काढत असतानाच ती म्हणाली, "आपण सगळेच जाऊ ग्वाल्हेरला."

"तू?" बाबा म्हणाले. आईने जन्मात उज्जैनच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"बाईसाहेबांचं घर रिकामंच राहणार. निघताना त्यांनीच म्हटलं, हवं तर तुम्ही येऊन राहा. त्यांनीही उगीच म्हटलं असेल. मीसुद्धा मनावर घेते."

त्या दिवाळीनंतर फायलींच्या पेट्यांबरोबर आमच्याही ट्रंका चढल्या. ग्वाल्हेरची थंडी कडाक्याची होती, शाळेत पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, आणि किल्ला खरोखरच मोठा होता, हे मला मान्य करावं लागलं. पण हे सगळं नंतरचं. पहिल्या दिवशी आईने नव्या चुलीवर पिठलं-भात केला आणि साडेपाचपासून आम्ही दारात उभे राहिलो. सहा वाजले. साडेसहा वाजले. आई आत-बाहेर करू लागली. सात वाजून गेल्यावर बाबा आले, घाईघाईने, मफलर अर्धवट सुटलेला. "काम होतं," म्हणाले, आणि पाटावर बसले. पिठलं दोनदा मागून घेतलं, भात तीनदा. आई समोर बसून वाढत होती. इतकी आनंदी मी तिला कधी पाहिली नव्हती.

आई गेल्यानंतर कित्येक वर्षांनी बाबांनी मला सांगितलं. ग्वाल्हेरच्या त्या पहिल्या संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पाय सवयीने खाणावळीकडे वळले होते. इतके हिवाळे तोच रस्ता. पानावर बसले, पोटभर जेवले, आणि हात धुताना त्यांना आठवलं, की आपली माणसं घरी आली आहेत.