टायरांची तहान
परवा टायरच्या दुकानावरून जाताना नव्या रबराचा वास आला आणि दुष्काळातली ती पिकअप आठवली. वाळूजजवळची जमीन प्लॉटिंगला विकून चुलतभावानं ती घेतली होती. तिच्यावर टाकी ठेवून तो गावाला पाणी आणायचा, पण टायर मात्र त्याला डोंगर चढणारे, थोराड हवे होते. दुकानातले चाचा म्हणाले, "भाई, भरल्या टाकीनं गाडी दबली की हे मडगार्डला घासतील." "घासू द्या, रुबाब दिसला पाहिजे!" घासले तेव्हा या बहाद्दरानं टायर बदलले नाहीत, टाकीच अर्धी भरून आणू लागला. आम्ही बाया हंडे घेऊन उन्हात ताटकळायचो आणि हा त्याच पाण्यानं टायर धूत बसायचा. आई एकदा म्हणाली, "त्यांचं पिऊन झालं की आम्हालाबी दे, बाबा." तो हसला. नव्या रबराच्या वासानं माझ्या घशाला अजून कोरड पडते.