सव्वीस वर्षांचा गॅप

वाटूर फाट्यावर मी खोटं बोललो, हे बायकोलाही सांगितलेलं नाही. दुकानातली नोकरी सुटल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी फार्मसीला जायचं ठरवलं; पण शिष्यवृत्तीशिवाय जमणार नव्हतं. तिथल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवाल्याला लाजून म्हणालो, "फॉर्म पोराचा आहे."

कानामागची पेन्सिल काढून त्यानं ती माझ्या गुणपत्रिकेवर सावकाश फिरवली.

"मामा, बारावीनंतर सव्वीस वर्षांचा गॅप? पोरगं जन्मायच्या आधीच बारावी झाल्तं का?"

त्यानं पांढरा पडदा ओढला, माझी कॉलर सरळ केली.

"बसा मंग. पोराचा फोटो काढून घेऊ. मंजूर झाली की पोरालाच सांगायला पाठवा."

शिष्यवृत्ती मंजूर झाली. फाट्यावरून रोज कॉलेजला जातो, त्याचं सेंटर आलं की बसमध्ये तोंड फिरवून. तो पोरगा मीच, हे त्याला जाऊन सांगणं अजून बाकी आहे.