जांभळा मका आणि आंबट ओढा

एर्मेलिंदा कोचाचिन दर रविवारी बाजारात चिचा, म्हणजे मक्याचं गोड पेय, विकायची. जांभळ्या मक्याची कणसं लवंग-दालचिनी टाकून उकळली की पाणी गडद जांभळं होई, आणि पेल्यात लिंबू पिळताच लाल. तीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती.

त्या साली मात्र लिंबाचा थेंबही पडला नव्हता, तरी पातेल्यातली चिचा डाळिंबासारखी लाल झाली. तिनं ती ओतून दिली, नवी कणसं घातली. पुन्हा तेच. पाणी ओढ्याचं होतं. ओढ्यातले दगड वर्षभरापासून गंजल्यासारखे तांबडे पडत होते, मासे दिसेनासे झाले होते. वर डोंगरावरचं बर्फ मागे हटलं होतं आणि कधी ऊन न पाहिलेला काळा खडक उघडा पडला होता; त्यावरून झिरपलेलं पाणीच ओढ्यात उतरत होतं. एर्मेलिंदा पातेल्याकडे बघत राहिली. पाणीच आंबट झालंय, हे तिला जिभेआधी डोळ्यांनी कळलं.

तिनं साठवलेल्या पावसाच्या पाण्यात नुसत्या मक्याचा काढा करून बाटलीत भरला, पांढरी बशी शालीच्या गाठोड्यात बांधली आणि रोज डोंगर चढू लागली. भेटेल त्या झऱ्याचं पाणी बशीत घ्यायचं, वर चार थेंब टाकायचे. लाल. लाल. गुलाबी. पुन्हा लाल. धुक्यात तिला वाटे, आपण चालतच नाही, डोंगरच पायांखालून हळूहळू सरकतोय.

गावाचं पाणीवाटप तिचा दीर तेओदोसिओ बघायचा. तो वाटेत भेटला.

"वहिनी, आता डोंगरालाही चिचा पाजताय?"

"पाजतेय, भावजी. ज्या झऱ्याला पचेल, तो सापडला की सांगते."

नवव्या दिवशी चुनखडीच्या कड्याखाली, गवतात दडलेला एक झरा लागला. थेंब पडले आणि बशीत जांभळा रंग जांभळाच राहिला, कडेला जरा निळसर झाक. तिनं बशी हलवून पाहिली. रंग ढळला नाही. मग ती बशी मांडीवर घेऊन बसून राहिली. एकेक ढग त्या जांभळ्या पाण्यातून निघून गेला. नवरा गेल्यापासून इतकी शांत ती कधी बसली नव्हती.

तेओदोसिओ दुसऱ्या दिवशी आला, ओंजळभर प्यायला. पाट खणायला पहिली कुदळ त्यानंच मारली. दोन उन्हाळे गेले, आणि पाणी गावात आलं.

पुढे शहरातून माणसं आली. त्यांनी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि झरा चांगला असल्याचं सांगितलं. एर्मेलिंदानं मान डोलावली. महिन्यातून एकदा ती अजूनही बशी घेऊन वर जाते. काम घटकाभराचं असतं. ती परतते उन्हं कलल्यावर.