पुनवेची ओहोटी, चिकूची पिशवी

पौर्णिमेच्या संध्याकाळी बोर्डीचा समुद्र इतका दूर निघून जातो, की तो कधी इथवर होता यावर विश्वास बसू नये. मागे उरते ती लाटांच्या वळ्या अंगावर जपणारी करडी, ओली वाळू, खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेली बारीक गोळ्यांची नक्षी, आणि एक वास. खारट, चिखलट, किंचित कुजका, आणि तरीही स्वच्छ वाटणारा! सुरूच्या झाडांतून वारा वाहत असतो. पाण्याचा आवाज मात्र फार लांबून येतो. शेजारच्या खोलीत कुणी झोपेत कूस बदलावी, तसा.

परवा मुलीचा फोन आला आणि समुद्रापासून इतक्या दूर, माझ्या पुण्यातल्या खोलीत तो वास भरून राहिला. "बाबा, हसणार नसशील तर एक सांगते," मीनल म्हणाली. शनिवारपासून ती एका लाइफ कोचकडे जाणार आहे. आयुष्याची घडी विस्कटली की ती कशी बसवायची, हे आपल्याबरोबर बसून पाहणारी ही माणसं हल्ली शहरात सापडतात म्हणे. "मैत्रिणींना सांगितलंय, शिवणाच्या क्लासला जाते. पण तिथे नेमकं होतं काय रे? आपण काय अपेक्षा ठेवायची?" मी म्हटलं, मला गं काय ठाऊक, आणि इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. ठाऊक तर होतं. मग जीभ का अडखळली? इतक्या वर्षांनंतरही लाजेला सुरकुत्या कशा पडत नाहीत?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवत होतो. घाटावरून आलेला, पुस्तकांत मान घालून बसणारा माणूस मी. हायवेवरच्या ट्रकांचे आवाज आणि माझे शब्दकोश यांच्या मधोमध आमचं घर सुधाने उभं केलं होतं. त्या भाद्रपदात ती तापाने गेली. दिवसकार्य आटोपलं तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "थोडे दिवस मीनलला उंबरगावला राहू द्या. तुम्ही सावरा, मग न्या." मीनल तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागलेली. तिने मामाचं बोट धरलं, आणि मला हायसं वाटलं. हो, हायसंच. तिच्यासमोर रडू येईल ही धास्ती टळली होती. शोकाचे समानार्थी शब्द मी वर्गात फळ्यावर ओळीने लिहीत असे, पण सुधाचं कपाट उघडायला माझे हात धजत नव्हते. थोडे दिवस लांबत गेले. दिवाळी झाली, थंडी सरली. दर रविवारी सीमेपलीकडे गुजरातेत, उंबरगावला जाणारा मी महिन्यातून एकदा जाऊ लागलो. मुलगी माझ्याशी गुजरातीत बोलू लागली होती आणि मी पाहुण्यासारखा चहा घेऊन उठत होतो. शाळा जूनमध्ये उघडणार होती. तेव्हाही मी तिला आणलं नसतं, तर ती मामाचीच झाली असती. ते कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या राऊतबाईंनी एकदा डबा खाताना सरळच सांगितलं, "सर, बोर्डीच्या आप्पांकडे जा." हे आप्पा म्हणजे एक निवृत्त ड्रिलमास्तर. खो-खोचे संघ तयार करण्यात जन्म गेलेला. आता अडलेल्या माणसांना पुनवेला आणि अवसेला संध्याकाळी समुद्रावर चालवत नेत. "अवसेला समुद्रावर?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालंच. "मग भगताकडेच जा की, कोंबडं तेवढं सोबत न्या!" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच अवसेला कुणाला न सांगता बोर्डीची एसटी पकडली. गाडीत शाळेचा शिपाई भेटला. कुठे निघालात, म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, "चिकू आणायला." मग येताना चिकू घेणं भागच पडलं. त्यानंतर प्रत्येक फेरीला माझ्या हातात पिशवी असे, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चिकूंचा ढीग. खोटं बोलणाऱ्याला इतकं गोड ओझं वाहावं लागत असेल, असं कुणाला वाटेल?

आप्पा ठेंगणे, काळेसावळे, खाकी अर्धी चड्डी घातलेले आणि बूट हातात धरलेले. त्यांची रीत साधी होती. पाण्यापर्यंत जाताना तुम्ही बोलायचं, परत येताना गप्प राहायचं, आणि सुरूच्या झाडांशी पोचल्यावर पुढच्या भेटीपर्यंत काय करणार ते एकच काम सांगायचं. पहिल्या दिवशी मी मृत्यूबद्दल, एकाकीपणाबद्दल, काळाच्या निष्ठुरतेबद्दल पाण्यापर्यंत बोलत गेलो. आप्पांनी लाटेत पाय बुडवले आणि म्हणाले, "मास्तर, निबंध छान झाला. आता सांगा, मुलगी कुठे आहे?" परतीच्या वाटेवर गप्प राहण्याचा नियम त्या दिवशी मला दयेसारखा वाटला.

निघताना ते म्हणाले होते, "पुढच्या वेळी याच वेळेला." घाटावरचा माणूस मी! पुढच्या वेळी म्हणजे पुढच्या आठवड्यात, असं धरून मी त्याच वाराला, त्याच वेळी, वाटेतच चिकू घेऊन, घड्याळ पाहत पोचलो. पाहतो तो काय, समुद्र सुरूच्या मुळांशी येऊन धडका देतोय आणि चालायची वाटच पाण्याखाली गेलेली! अवसेच्या संध्याकाळी दूर गेलेलं पाणी अष्टमीच्या संध्याकाळी दारात असतं, हे मला कोण सांगणार? आप्पा बांधावर बसून दात कोरत होते. "भरतीला आलात होय? आज बोलायला वाट नाही. बसा. पिशवीत काय, चिकूच ना? काढा." आम्ही चिकू खाल्ले. बिया पाण्यात फेकताना मला एकदम हसू फुटलं, भाद्रपदानंतर पहिल्यांदा. मी चटकन तोंडावर हात धरला. माणूस जाऊन पुरतं वर्षही झालं नाही आणि आपण हसतो? आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याकडे पाहत म्हणाले, "इथे काही होत नसतं, मास्तर. मधल्या पंधरवड्यात होतं. मी नुसता चालतो."

म्हणून कुणी मला विचारलं, की अशा माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची, तर मी काय सांगू? उत्तराची ठेवू नये. सांत्वनाचीही फारशी ठेवू नये. आपल्याच तोंडचे मोठे शब्द आपल्याला पोकळ ऐकू येतील, याची मात्र तयारी असावी. आणि कामं अगदी क्षुल्लक निघतील. माझं पहिलं काम होतं कपाटाचं दार उघडून नुसतं उभं राहण्याचं. पुढचं, सुधाच्या साड्या उन्हात घालण्याचं. मग एका पुनवेला मी म्हटलं, मुलीला आणेन, पण तिची वेणी कोण घालणार? ही सबब मला फार भक्कम वाटली होती. आप्पा वाडीत गेले, नारळाचा काथ्या घेऊन आले, त्याचे तीन पेड सुरूच्या बुंध्याला बांधले आणि म्हणाले, "हं, घाला."

तो प्रसंग आठवला की आजही कान तापतात. पदवीधर, चष्मा लावलेला शिक्षक झाडाच्या बुंध्याशी फतकल मारून काथ्याची वेणी घालतोय, आणि नरपडच्या बाजूने रिकाम्या टोपल्या घेऊन येणाऱ्या कोळणी थांबून पाहताहेत! "मास्तर, बायको रुसली वाटतं? झाडालाच नटवताय!" त्यांना कुठे ठाऊक होतं? एकीने टोपली खाली ठेवली, माझ्या हातातले पेड ओढून म्हणाली, "मधला घट्ट धर रे, नाहीतर सुटेल." मी मान वर केली नाही. पण मधला पेड घट्ट धरला.

शाळा उघडायच्या आधी मी उंबरगावला गेलो. मीनल दारात आली आणि चपलांकडे पाहत म्हणाली, "बाबा, तमे आजे रोकावाना?" आज राहणार का, एवढंच ती विचारत होती, त्याहून अधिक मागायचं तिने सोडून दिलं होतं. मी म्हटलं, "नाही. तुला न्यायला आलोय." ती आत गेली आणि फणी घेऊन आली. मामी दारात उभी होती, मामा वर्तमानपत्रामागे. सगळ्यांसमोर मी वेणी घातली. वाकडी झाली. गाडीने संजाण सोडेपर्यंत ती सुटलीही, आणि मीनल माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या मोकळ्या केसांना सुधाच्या शिकेकाईचा वास नव्हता. तरी मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली, की मी तलासरीपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिलो.

पुढच्या पुनवेला आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आता येऊ नका. आमच्यात खेळाडू तयार झाला की मास्तर बाहेर बसतो." बस, एवढंच. त्यानंतर मी चिकू आणणं बंद केलं, तेव्हा राऊतबाई म्हणाल्या, "काय सर, बोर्डीचे चिकू संपले वाटतं?" खोलीतलं कुणीच हसलं नाही. शिपायाने माझ्यापुढे चहा ठेवला. तेव्हा कळलं, की पहिल्या पिशवीपासून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि माझी लाज झाकण्यासाठी ही माणसं महिनोन्महिने चिकू खात होती.

मीनलला हे कधी सांगितलं नाही. वेणी घालणारा बाप तिला आठवतो. काथ्या तिला माहीत नाही. आज इथे खिडकीत पुनवेचा चंद्र वर येतो आहे. बोर्डीला या क्षणी पाणी दूर गेलं असेल, वाळूवर वळ्या उमटल्या असतील. माझी मुलगी मात्र तिच्या शहरात एकटीच, खाली मान घालून, शिवणाच्या क्लासचं सोंग घेऊन निघेल. नाही, तिला एकटं जाऊ देणार नाही. आत्ताच फोन लावतो आणि आधी एवढंच विचारतो, की बाळ, येताना हातात दाखवायला कापड घेतेस ना? नसशील घेत, तर घे. मी चिकू आणत होतो.