छबुबाईबद्दलची ओळ

दसरा झाला की केजजवळच्या त्या वस्तीवर कुलपं लागायला लागतात. आज दोन घरं, उद्या चार. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पिठाचे डबे, कोंबड्या आणि लहानगी लेकरं चढतात, आणि माणसं ऊसतोडीला पार कर्नाटकापर्यंत निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी थोरली पोरं आणि कुत्री.

छबुबाई आता उरणाऱ्यांतली. एके काळी तीही जाणाऱ्यांत होती. अठरा हंगाम तिनं ऊस तोडला. पण ऊसतोडीत मोजणी जोडीची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. तिचा नवरा हरिबा गेला तशी ती अर्धा कोयता झाली, आणि एकट्या बाईला कोणता मुकादम टोळीत घेतो? मूलबाळ नव्हतं. मग तिनं पाच शेळ्या पाळल्या आणि घर धरून बसली. बाई तोंडानं फटकळ. कुणी विचारलं, "छबुबाई, एकटं करमतं का?" तर म्हणायची, "करमायला मी काय लगनाला आलेय?" विचारणारा गप्प व्हायचा, आणि हळूहळू विचारणारेही कमी झाले.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या नाथानं आणि त्याच्या बायकोनं, साखराबाईनं, ऊसतोडीला जाताना आपली रोहिणी तिच्याकडं ठेवली. पोरगी तेव्हा आठवीत गेली होती, केजच्या शाळेत. "माय, पोरीकडं ध्यान ठिवा," म्हणून साखराबाईनं डोळ्याला पदर लावला. छबुबाई म्हणाली, "तिला शेळ्यांत बांधीत न्हाई मी. जा आता." निरोप द्यायची ही काय रीत झाली! पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या चुलीवर दोन वेळा भाकरीसोबत कोरड्यास शिजू लागलं. एकट्या जिवासाठी कोण कोरड्यास करतं? इतकी वर्षं ती चटणी-भाकरीवर जगत होती, हे तिचं तिलाच तेव्हा उमगलं.

दिवाळीनंतर पहिलं प्रगतिपत्रक आलं. खाली सह्यांसाठी तीन रेघा होत्या. वर्गशिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, पालकाची रेघ रिकामी होती.

"माय, अंगठा लागतो."

छबुबाईनं आधी आपली अट घातली. नेकनूरच्या बाजारात शेळी घेताना ती विकणाऱ्याला पहिल्यांदा खोड विचारायची, कारण गुण तो न विचारता सांगतोच. "वाईट काय लिव्हलंय ते आदी वाच," ती म्हणाली. "चांगलं मागून."

रोहिणीनं मान खाली घालून वाचलं. गणितात सुधारणा आवश्यक. अक्षर नीटनेटके काढावे. मग चांगलं वाचलं. वाचनाची आवड आहे, वर्गात मदत करते. छबुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् माज्याबद्दल?"

"तुज्याबद्दल काय?"

"अंगठा माजा लावायचा, मंग माजंबी कायतरी लिव्हलं आसंल की."

पोरगी बराच वेळ पत्रकाकडं बघत राहिली. मग तिनं वाचलं, "शेवटची वळ हाय. घरून चांगले लक्ष दिले जाते."

छबुबाईनं अंगठा पुढं केला. रोहिणीनं तो हातात धरला, त्यावर बॉलपेन घासघासून निळा केला आणि रेघेवर दाबला. हरिबा गेल्यापासून छबुबाईचा हात असा कुणी धरला नव्हता. तिला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला ती उगाच शेळीवर ओरडली.

त्या ओळीनं बाईला येड लावलं म्हणा ना. नाव तिचं रेशन कार्डावर होतं, मतदार यादीत होतं. पण ही बाई कशी आहे, हे आजवर कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. एप्रिलात रोहिणीचे आईबाप आले की पोरगी भिंतीपलीकडं आपल्या घरी जायची, आणि छबुबाईचं कोरड्यास पुन्हा बंद व्हायचं. मग दसऱ्याची वाट बघायची. वस्ती रिकामी व्हायची वाट बघणारी त्या साऱ्या मुलखात ती एकटीच असेल. दिवाळीनंतर पत्रक यायचं, पोरगी आधी वाईट वाचायची, मग चांगलं, मग ती ओळ.

नववीतल्या जानेवारीत घटक चाचणीचं पत्रक आलं. अंगठा झाला, आणि सकाळी रोहिणी ते कोनाड्यातच विसरून शाळेला गेली. छबुबाईनं शेळ्या दावणीला बांधल्या, लुगडं बदललं आणि पत्रक घेऊन फाट्यावर आली. एसटीला वेळ होता. तिथं सिदूचं चहाचं हॉटेल, बाकड्यावर चार माणसं. आता गप बसावं की नाही? पण बाईला राहवलं नाही. तिनं पत्रक सिदूपुढं धरलं.

"सिदू, ती शेवटची वळ वाच बरं. मोठ्यानं वाच. माज्याबद्दल हाय."

सिदूनं हात पुसले आणि मोठ्यानं वाचलं, "पालकांचे पाल्याकडे लक्ष नाही. पालक सभेस गैरहजर."

बाकड्यावरचं कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. सिदूनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही बरं सापडेल. "मावशी, तुमी म्हंता ती दुसरी वळ आसंल," तो म्हणाला. पण दुसरी ओळ नव्हती.

केजपर्यंत छबुबाई भांडण जुळवत गेली. वर्गशिक्षिका मनीषा मॅडम वह्यांच्या गठ्ठ्याआड बसल्या होत्या. छबुबाईनं पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभ्यानंच सुरू केलं. "मॅडम, माजं कुटं चुकलं तेवढं सांगा. पोरगी कदी उपाशी आली का? कदी मळका डरेस घालून आली का? ताप आलता तवा दवाखान्यात मी गेलते."

मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मॅडम वाईट नव्हत्या. "आजी, हे तुमच्याबद्दल नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. "हे आईवडिलांबद्दल असतं. तीन वाक्यं तयार असतात, त्यातलं एक निवडायचं. पालक सभेला आईवडील आले नाहीत की तिसरं. माझ्या वर्गात एकतीस मुलांना हेच वाक्य आहे. सगळे ऊसतोडीला."

"मंग माजी वळ कंची?"

मॅडमनी पत्रक हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत खरंच पाहिलं. "तुमची नाही, आजी. शेजाऱ्यांसाठी जागाच नाही यात."

"आन् अंगठा?"

"तो आम्ही चालवून घेतो."

छबुबाई उठली. पत्रक तिथंच राहिलं. येताना रागाचा तरी आधार होता. वाईट का होईना, कुणीतरी आपल्यावर शेरा मारला असं तिला वाटलं होतं. परतीच्या एसटीत तेही उरलं नाही. एवढ्या माणसांनी भरलेल्या गाडीत तिला वाटलं, आपण मधेच उतरून गेलो तर कंडक्टरच्यासुद्धा ध्यानात यायचं नाही. घरी आल्यावर शेळ्या ओरडल्या, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

त्या ओळीचा उगम कुठं, ते आता स्पष्टच होतं. दोन वर्षं पोरीनं खोटं वाचलं होतं. आपल्या वाईटाचं अक्षर न अक्षर खरं वाचणारी पोरगी, फक्त तेवढ्या ओळीला खोटं. "कावून गं खोटं वाचलंस?" हे छबुबाईच्या कितीदा ओठांवर आलं. भाकरी वाढताना आलं, पोरीची वेणी घालताना आलं. तिनं ते गिळलं. विचारलं असतं तर रोहिणी खरं बोलली असती, आणि मग ती ओळ पुन्हा कधीच ऐकायला मिळाली नसती. म्हातारी याला भ्याली. उसाच्या फडात साप निघाला तर कोयत्यानं बाजूला सारणारी बाई, एका ओळीला भ्याली.

एप्रिलात शेवटचं पत्रक मिळालं. नाथाचा फोन आला होता, कारखाना बंद झाला होता, परवा ट्रॉली वस्तीवर येणार होती. म्हणजे दोन दिवस थांबलं असतं तर खऱ्या बापाचा अंगठा मिळाला असता. पण रोहिणी दप्तर न उतरवताच छबुबाईपुढं येऊन बसली.

"वाईट आदी," छबुबाई म्हणाली.

"भूमितीत कमी पडलेत. इंग्रजीत काठावर पास हाय."

"आनखी?"

"न्हाई."

"नीट बघ."

रोहिणीनं पत्रकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. "न्हाई, माय. एवडंच."

मग चांगलं वाचून झालं. मराठीत वर्गात दुसरी. छबुबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आन् शेवटची वळ?"

"घरून चांगले लक्ष दिले जाते."

"येकदा परत वाच. जरा हळू."

रोहिणीनं पत्रक डोळ्यांजवळ नेलं आणि बोट ठेवून, शब्द शब्द सुटा करत वाचलं, "घरून चांगले लक्ष दिले जाते. जेवण वेळेवर मिळते. ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसून होत्या."



"एवडं समदं लिव्हलंय?" छबुबाईनं विचारलं.

"हाय की."

"मंग लाव अंगठा. तुजा बाप यायच्या आत."

रोहिणीनं पेनाचं टोपण दातानं काढलं आणि तिचा अंगठा हातात घेतला.