जाळायच्या पानांची वही

तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीत राहणारे मराठी घरातले पद्मनाभराव एकतीस वर्षं संरक्षण खात्याच्या एका कचेरीत गुप्त संदेश संकेतात बांधत होते. सुरुवातीला हे काम वहीवर चाले. तिच्या पानांवर एकमेकांशी कसलाच मेळ नसलेले आकडे; ते संदेशाच्या अक्षरांत मिसळायचे. तंतोतंत तशीच दुसरी वही पलीकडच्या ठाण्यावर. संदेश गेला की ते पान जाळायचं. पुढे संगणक आले, वह्या कपाटात गेल्या. त्या वापरता येणारे आता पद्मनाभराव एकटेच उरले होते आणि त्यांच्या निवृत्तीला सहा महिने होते.

२००६ साली पदार्थविज्ञान शिकणारी त्यांची मुलगी रम्या त्यांना कॉलेजातल्या एका व्याख्यानाला घेऊन गेली. विद्युलता नावाच्या प्राध्यापिका अणूंकडून गणितं करून घेणाऱ्या क्वांटम संगणकाबद्दल बोलत होत्या. प्रचंड संख्येचे अवयव पाडता येत नाहीत, या भरवशावर आज कितीतरी गुप्त संदेश, लष्करीसुद्धा, सुरक्षित आहेत. हे यंत्र मोठं झालं तर तो भरवसा संपेल, असं त्यांनी सांगितलं. आजवर त्यानं पंधराचे तीन आणि पाच एवढेच अवयव पाडलेत म्हटल्यावर सभागृह हसलं. पद्मनाभरावांच्या अंगावर मात्र काटा आला. मूठभर अणूंना गणित करायला लावलं होतं माणसानं!

ते उठून उभे राहिले. "आज कुणी संदेश पकडून ठेवला, तर वीस वर्षांनी उघडेल?"

"यंत्र तयार झालं तर उघडेल."

"आणि एकदाच वापरून जाळलेल्या पानानं बांधलेला?"

"तो नाही. तिथे शोधायला कसलाच मेळ नसतो. कुठल्याही यंत्राला."

रम्या वडिलांकडे बघतच राहिली. ते काय काम करतात, याचा अंदाज तिला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

सोमवारी त्यांनी साहेबांना, नागपूरच्या रत्नाकरांना, सगळं सांगितलं. रत्नाकरांनी वर टिपण पाठवलं. असं यंत्र व्हायला अजून कैक वर्षं आहेत, असं उत्तर आलं. रत्नाकरांनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "राव, जाण्याआधी दोघांना वही शिकवून जा."

पद्मनाभरावांनी चौघांना शिकवलं.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी ते रम्याला घेऊन मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर बसत आणि एकच कण एकाच वेळी शून्य आणि एक कसा, हे पुन्हा पुन्हा विचारत. ती अर्धं तमिळमध्ये, अर्धं मराठीत समजावी. निम्मं डोक्यावरून जाई, तरी ऊन चटका देईपर्यंत ते उठत नसत.