बियाचं कर्टुलं

फोनवर तुम्ही दोघं विचारता, "आजी, दिवसभर काय करतेस?" या पावसाळ्यात काय केलं ते लिहूनच पाठवते. फोनवर सांगायला लागले की मी चिडते आणि तुम्ही हसता.

न्हाणीमागचा कर्टुलीचा वेल तुम्हाला आठवत असेल. त्याच्या काटेरी हिरव्या फळांना तुम्ही साळिंदराची पिल्लं म्हणायचात. माझ्या सासूबाईंनी रानातून कंद आणून तो लावला होता. उन्हाळ्यात वेल वाळतो आणि पावसात त्याच कंदातून पुन्हा उठतो, त्यामुळे त्याचं बी धरायची गरज कुणाला वाटली नाही. गेल्या साली रानडुकराने कंद उकरला आणि अर्धा खाल्ला. उरलेल्यातून यंदा एकच बारीक कोंब आला. पुढच्या वर्षी तोही येईल याचा भरवसा नव्हता. वेल जायच्या आत त्याचं बी घरीच करायचं, असं मी ठरवलं.

कर्टुलीत नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. न्हाणीमागचा मादीचा. नराचा कुंपणावर होता. त्याला फळ धरत नाही, पण त्याच्या फुलाशिवाय मादीलाही धरत नाही. मी दोन्ही वेलांपाशी काठ्या रोवल्या, पाट्या लावल्या, वहीत तारखा लिहिल्या.

आषाढात एका सकाळी पाहते तर कुंपण मोकळं. तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, तिथे चवळी टोचत होती. वेलासाठी काठी म्हणून माझी पाटीच वापरली होती.

"इथला वेल कुठे गेला?"

"उपटला की. चार वर्षं झाली, एक कर्टुलं न्हाई दिलं. नुसता फुलून बसतोय."

"अगं, तो नर होता."

"व्हय, मग तेच सांगते की मी."

कंद कुदळीने फुटून गुरांच्या घमेल्यात गेला होता. आता नराची फुलं आणायची कुठून? कुंभारवाड्याला माझ्या एका मैत्रिणीच्या परसात तसा वेल आहे. पण फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं, आणि तिथून बस मोजक्याच. म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन राहिले. सकाळी फुलं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात घातली आणि बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. बस अर्थातच उशिरा आली होती.

कंडक्टरने विचारलं, "आजी, डब्यात काय?"

"फुलं."

"कुठल्या देवाला?"

त्याला सगळं समजावत बसायची ताकद माझ्यात नव्हती. "घरच्या," म्हटलं.

घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता मी मागे गेले. मादीची तीन फुलं उमललेली होती. प्रत्येकावर नराचं एकेक फूल हलकेच घासलं. आठवड्यात तिन्ही धरली. मग मी प्रत्येक फळावर भोकं पाडलेलं कागदी पाकीट बांधलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बियांसाठी'.

पुढच्याच आठवड्यात दुपारी तुमच्या आजोबांच्या ताटात कर्टुल्यांची भाजी. दोन फळांची, वाटीच्या तळाशी. आजोबा म्हणाले, झकास झालीय. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

जावेला विचारलं, "पाकिटावर लिहिलेलं वाचलं नाहीस?"

"चष्मा लावून कोण भाजी तोडतंय, अक्का? दुकानातल्या सफरचंदाला बी कागद चिकटवलेला असतोय. तो काढूनच खातेत की."

"मग तुला कळावं कसं?"

"चिंधी बांधायची. बियाच्या फळाला चिंधी बांधत्यात, हे बारक्या पोरालाबी म्हाईत हाय. चिंधीच्या फळाला मी कधी हात लावलाय काय?"

लावला नव्हता. या घरात चाळीस वर्षं मी काकडीला, वांग्याला, दोडक्याला चिंध्या बांधलेल्या पाहते आहे. दृष्ट लागू नये म्हणून बांधत असतील, असं समजून मी कधी विचारलंच नाही. राग कुणावर काढायचा ते मला कळेना, म्हणून मी भांडी आपटली.

तिसरं फळ पानाआड राहिलं होतं. त्याचं पाकीट पावसात भिजून गळून गेलं होतं. जावेने जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्याच्या देठाला बांधला. त्यानंतर शेजारची मुलं तिथे खेळली, भाजी मागायला बायका येऊन गेल्या, आजोबा रोज त्याच्यापाशी उभे राहून उसासे टाकत. कुणी हात लावला नाही. फळ केशरी झालं, उकललं, आत लाल गरात बिया. मोजल्या, अकरा.

मी बिया ठेवायला काचेची बाटली धुऊन वाळवली होती. जावेने तिच्यात लोणचं भरलं. बिया राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात घालून चुलीमागच्या भिंतीला थापल्या. तिथे धुरामुळे कीड लागत नाही म्हणे. मी वाद घातला नाही.

"ह्यातलं नराचं कुठलं?" तिने हात धुता धुता विचारलं.

"ते फूल आल्याशिवाय कळत नाही."

"मग त्याला फूल आलं की चिंधी बांधा."

"त्याला फळच नसतं, तर बांधू कशाला?"

"वेलाला बांधा की. म्हंजे मी उपटणार न्हाई."

वहीत तसं लिहून ठेवलं आहे. तुम्ही पावसात आलात तर परसात जिथे चिंधी दिसेल तिथे हात लावू नका. पाटी नसेल.